बुराडी घाटावरील दत्ताजी

धर्मापुरीच्या जुन्या किल्ल्यापाशीं उभें राहिलें कीं मला दूरच्या दिल्लीची आठवण होते. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं याच टापूंत, उदगिरास, सदाशिवरावभाऊनें निजामास नमविलें. त्या विजयाच्या दिवशीं उत्तर सरहद्दीचा राखणदार दत्ताजी शिंदे पडून २४ दिवस झाले होते!

राणोजीचा हा मुलगा १७५७ सालीं सिंदखेडास याच निजामाशीं लढला. १७५९ सालीं पंजाबांत साबाजी शिंद्यास ठेवून तो मागें फिरला, आणि नावांचा पूल बांधून देण्याच्या नजीबखानाच्या वचनास भुलून त्यानें शुक्रतालास पावसाळा घालविला; ही चूक मला मोठी वाटते. तोंच अब्दाली आला. १० जानेवारीस यमुनेच्या बुराडी घाटावर गवतांत दबा धरलेल्या रोहिल्यांपाशीं बंदुका होत्या, मराठ्यांपाशीं बहुतेक भालेतरवारीच. पुतण्या जनकोजी जखमी झाला. दत्ताजीस गोळी लागली आणि कुतुबशहानें त्याचें शिर कापलें. मरतांना त्यानें दिलेलें उत्तर शाळकरी पोरांसही पाठ आहे, तें मी पुन्हां सांगत नाहीं.

मार्चांत भाऊ परतुराहून उत्तरेस निघाला. उदगिरास गाजलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्याच्याबरोबर होत्या.