टिळकांचे बुडालेले वर्ष

श्रोतेहो, घरातला मुलगा नापास झाला की काय होते, ते आपण सारे जाणतो. "खेळात वेळ घालवलास, आता भोग!" असे वडीलमंडळी म्हणतात, आणि गुरुजीही मान डोलावतात. आज मी आपल्याला अशाच एका नापास विद्यार्थ्याची हकीकत सांगणार आहे. तो व्यायामापायी नापास झाला, आणि तेही जाणूनबुजून. त्याचे नाव बाळ गंगाधर टिळक.

१८७२ साली टिळक मॅट्रिक झाले. त्याच वर्षी वडील वारले. १८७३ साली त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घातले. हे कॉलेज शहराबाहेर, येरवड्याच्या बाजूला. १८६८ पासून तिथल्या दगडी इमारतीत वर्ग भरत. विद्यार्थी तिथेच खोल्या घेऊन राहत. जवळच नदी वाहे. केरूनाना छत्र्यांसारखे गणिती शिकवायला होते. अशा जागी आलेला हुशार मुलगा काय करील? पुस्तकात डोके घालील, असेच आपण म्हणू.

टिळकांनी मात्र आपल्या अंगाकडे पाहिले. प्रकृती किरकोळ, अन्न नीट पचत नसे. मोठे काम करायचे तर हे शरीर पुरे पडणार नाही, हे त्यांनी ओळखले. मग वर्षभर एकच ध्यास घेतला. सकाळी तालीम, जोर-बैठका, कुस्ती. नंतर नदीत पोहणे, होडी वल्हवणे. भूक वाढली, अंग भरले. अभ्यास मागे पडला, आणि परीक्षेत टिळक नापास झाले! पण हे वर्ष बुडाले असे त्यांना कधी वाटले नाही. पुढे ते बी. ए. ला पहिल्या वर्गात आले, १८७९ साली एल्‌एल. बी. झाले.

त्या काळची कॉलेजातली मौजही ऐकण्यासारखी आहे. नाजूक प्रकृतीच्या सोबत्यांच्या औषधाच्या बाटल्या टिळक फेकून देत आणि "तालमीत चला, औषध लागणार नाही" म्हणत, अशी आठवण सांगतात. अशा खोड्यांमुळे सोबत्यांनी त्यांना 'डेव्हिल', म्हणजे सैतान, असे नाव ठेवले होते. तोंडावर रोखठोक बोलत, म्हणून 'ब्लंट' हे दुसरे नाव.

पण मंडळी, ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच होईल. त्याच कॉलेजात कऱ्हाडजवळच्या टेंभूचा एक मुलगा शिकत होता, गोपाळ गणेश आगरकर. टिळकांना वडिलांनी ठेवलेली थोडी पुंजी होती, काकांचा आधार होता. आगरकरांच्या पदरी काय होते? अंगावर एकच सदरा. रात्री धुवून वाळत घालायचा, सकाळी तोच चढवायचा. ज्याला दोन वेळच्या जेवणाची विवंचना, त्याने तालमीचा खुराक कुठून आणावा? आगरकरांना पुढे दम्याने गाठले, आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले.

हे दोघे १८७९ साली कॉलेजात भेटले, देशाला शिक्षण कसे द्यावे यावर रात्र-रात्र बोलले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबरच काढले. बुद्धी दोघांचीही तेजस्वी, निष्ठाही तशीच. टिळकांनी पुढे १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली. मधुमेह जडलेला असूनही ते परत आले आणि पुन्हा कामाला लागले. त्या सहा वर्षांत तरुणपणी कमावलेले शरीर कामी आले, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणून गुरुजींना माझी एक विनंती आहे. खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नका. मुलांनी वर्ष बुडवावे असे मी म्हणत नाही. रोजचा एक तास पुरे. पण त्या तासाला एखादा पोरगा कडेला गप्प बसून राहिला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी हळूच विचारा, "बाळ, सकाळी काही खाल्लेस का?" आपल्या वर्गातला आगरकर कदाचित तोच असेल.