रिकाम्या खुर्चीचे सात महिने

३० जून १९६५ रोजी ब्रुसेल्स येथे सहा युरोपीय राष्ट्रांच्या मंत्र्यांची बैठक मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होती. सामायिक शेती धोरणाचा खर्च कसा भागवावयाचा, हा वादाचा विषय होता आणि त्याची मुदत त्याच रात्री संपत होती. अशीच अडचण १९६१ च्या डिसेंबरअखेरीस आली असता घड्याळ थांबले आहे असे मानून मंत्र्यांनी पुढे दोन आठवडे वाटाघाटी चालविल्या होत्या व अखेर तोडगा काढला होता. या खेपेस मात्र अध्यक्षस्थानी असलेले फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री मॉरिस कूव्ह द म्यूरव्हिल यांनी १ जुलैच्या पहाटे, एकमत होत नाही असे सांगून बैठक संपविली. लवकरच फ्रान्सने ब्रुसेल्समधील आपल्या कायम प्रतिनिधीस मायदेशी बोलावून घेतले. त्यानंतर सुमारे सात महिने मंत्रिपरिषदेतील फ्रान्सची जागा रिकामी राहिली.

इतिहासात हा प्रसंग ‘रिकाम्या खुर्चीचा पेच’ म्हणून ओळखला जातो. वरवर पाहता तो शेतीच्या जमाखर्चाचा तंटा होता. परंतु त्याच्या मुळाशी युरोपच्या एकीकरणातील सर्वांत अवघड प्रश्न होता. स्वखुशीने एकत्र आलेल्या स्वतंत्र राष्ट्रांपैकी एखाद्यास मान्य नसलेला निर्णय इतरांच्या बहुमताने त्याच्यावर लादता येतो काय, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे बीज १९५० मध्येच पडले होते. दोन महायुद्धांनी पोळलेल्या फ्रान्स व जर्मनी या देशांनी आपापला कोळसा व पोलाद एका सामायिक अधिसत्तेखाली आणावे, अशी सूचना फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी ९ मे १९५० रोजी जाहीर केली. तिचे शिल्पकार होते झाँ मॉने. ज्या दोन वस्तूंवाचून युद्ध लढता येत नाही, त्यांवरील हुकमत कोणा एकाच्या हाती राहू नये, हा त्यामागील विचार. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५१ मध्ये पॅरिस येथे त्या करारावर सह्या केल्या. मात्र हाच न्याय सैन्याला लावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तो फसला. सामायिक युरोपीय सैन्याचा करार १९५२ मध्ये झाला खरा. पण ज्या फ्रान्सने ती कल्पना मांडली होती, त्याच फ्रान्सच्या संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी तो करार बाजूस सारला. पोलादाच्या बाबतीत मान्य झालेली गोष्ट तलवारीच्या बाबतीत मान्य होण्याजोगी नव्हती.

त्यानंतर एकीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी व्यापाराचा मार्ग धरला. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे झालेल्या कराराने सहा देशांची सामायिक बाजारपेठ जन्मास आली. करारात बारा वर्षांचा संक्रमणकाळ चार-चार वर्षांच्या तीन टप्प्यांत विभागला होता. तिसरा टप्पा १ जानेवारी १९६६ पासून सुरू व्हावयाचा होता आणि तेव्हापासून अनेक विषयांत एकमताऐवजी भारित बहुमताने निर्णय होणार होते. फ्रान्स, जर्मनी व इटली यांना प्रत्येकी ४, बेल्जियम व नेदरलँड्स यांना प्रत्येकी २ आणि लक्झेंबर्गला १, अशी एकूण १७ मते होती; आयोगाचा प्रस्ताव संमत होण्यास १२ मते पुरेशी होती. फ्रान्स वगळता उरलेल्या पाचांची मते १३ होत होती. म्हणजे फ्रान्स एकटा पडल्यास त्याचा विरोध निष्फळ ठरणार, हे साध्या बेरजेतून दिसत होते.

करारावर सही झाली तेव्हा शार्ल द गॉल सत्तेवर नव्हते. तो त्यांना वारशाने मिळाला होता. १९५८ मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांनी तो मोडला नाही, कारण फ्रान्सच्या शेतमालाला जर्मनीची बाजारपेठ हवी होती. तथापि राष्ट्राहून वरिष्ठ अशी सत्ता त्यांना मुळीच मान्य नव्हती. जनता आपल्या राष्ट्राच्या शासनाची आज्ञा पाळते, कारण ते शासन तिने निवडलेले असते. ब्रुसेल्समधील अधिकाऱ्यांना कोणत्या जनतेने निवडले आहे, असा त्यांचा सवाल होता. जर्मनांच्या ताब्यात गेलेला देश ज्याने पाहिला आणि परक्या भूमीवरून त्याच्या मुक्तीसाठी झुंज दिली, अशा सेनानीच्या तोंडी हा सवाल केवळ अहंकाराचा म्हणून सोडून देता येत नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच वजनदार होता. आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हालश्टाइन हे जर्मन कायदेपंडित होते. राष्ट्राचे सार्वभौमत्व निरंकुश झाले म्हणजे काय घडते, हे त्यांच्या पिढीने जर्मनीतच अनुभवले होते. लहान देशांचीही स्वतःची भीती होती. एकमताचा नियम सर्वांना समान वाटला, तरी बड्या राष्ट्राचा नकार जितका परिणामकारक ठरतो तितका लक्झेंबर्गचा ठरत नाही. लहानांना आधार लिखित नियमांचा आणि ते राबविणाऱ्या निःपक्षपाती संस्थेचा. म्हणूनच नेदरलँड्ससारखा देश आयोगाच्या पाठीशी ठाम उभा होता.

मार्च १९६५ मध्ये आयोगाने तीन गोष्टी एकत्र गुंफून मांडल्या: शेती धोरणासाठी पैसा, जकात व आयातकर यांतून समुदायाचे स्वतःचे उत्पन्न, आणि त्या उत्पन्नाच्या विनियोगावर युरोपीय संसदेचे अधिक नियंत्रण. फ्रान्सला पहिली गोष्ट हवी होती; ती मिळविण्यासाठी तो उरलेल्या दोन्ही गिळील, अशी हालश्टाइन यांची अटकळ होती. शिवाय मंत्रिपरिषदेच्या आधी त्यांनी ही योजना स्ट्रासबुर्ग येथे संसदेपुढे मांडली. पॅरिसला हा मर्यादाभंग वाटला. अटकळ चुकली आणि खुर्ची रिकामी झाली.

९ सप्टेंबर १९६५ च्या पत्रकार परिषदेत द गॉल यांनी मूळ मुद्दा उघड केला. शेतीचा प्रश्न बाजूस राहिला आणि बहुमताच्या नियमावरच त्यांनी बोट ठेवले. तथापि फ्रान्समध्येच या धोरणाला विरोध होऊ लागला. ज्या शेतकऱ्यांच्या हितासाठी सामायिक बाजारपेठ स्वीकारली होती, त्यांच्या प्रमुख संघटनेने अध्यक्षीय निवडणुकीत सरकारविरोधी भूमिका घेतली. ५ डिसेंबर रोजी पहिल्या फेरीत द गॉल यांना निम्मी मतेही मिळाली नाहीत. एकीकरणाचे समर्थक झाँ लेकान्युए यांनी १५ टक्क्यांहून अधिक मते घेतली. १९ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत फ्रान्स्वा मितराँ यांचा पराभव करून द गॉल विजयी झाले. पण राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्या नेत्याला त्या राष्ट्रातील शेतकऱ्याने आपले हित ब्रुसेल्सशीही बांधलेले असल्याची जाणीव करून दिली होती.

इकडे इतर पाच राष्ट्रांनीही संयम सोडला नाही. त्यांनी आपल्या बैठका चालू ठेवल्या, परंतु फ्रान्सवाचून पुढे जाण्याचा पवित्रा घेतला नाही. जानेवारी १९६६ मध्ये सहाही देशांचे मंत्री ब्रुसेल्सऐवजी लक्झेंबर्ग येथे, आयोगाच्या अनुपस्थितीत, एकत्र आले. महिनाअखेरीस जो मजकूर तयार झाला तो विलक्षण होता. एखाद्या देशाचे अत्यंत महत्त्वाचे हित गुंतलेले असल्यास सर्वांना मान्य होईल असा तोडगा वाजवी मुदतीत शोधावा, यावर सहाही जण सहमत झाले. अशा प्रसंगी एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहिली पाहिजे, असे फ्रान्सचे मत नोंदविले गेले. तोडगा निघालाच नाही तर काय, याबाबत मतभेद कायम असल्याचेही नमूद झाले. आणि या मतभेदामुळे कामकाज पुन्हा सुरू करण्यास बाध येत नाही, असे ठरले. कराराचे एक अक्षरही बदलले नाही. मतभेद मिटला नसताना, तो कागदावर उतरवून सर्व जण पुन्हा एका मेजाभोवती बसले.

या तडजोडीचे मोल दोन्ही पक्षांना द्यावे लागले. हालश्टाइन यांनी १९६७ मध्ये पद सोडले. पुढे दीर्घकाळ मतदान टाळण्याकडे कल राहिला व अनेक निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळले. उलटपक्षी द गॉल यांनी १९६९ मध्ये सत्ता सोडली आणि १९६५ मध्ये फ्रान्सने धुडकावलेले समुदायाचे स्वतंत्र उत्पन्न व संसदेचे अर्थसंकल्पीय अधिकार १९७० मध्ये त्याच फ्रान्सच्या संमतीने मान्य झाले. मे १९८२ मध्ये ब्रिटनने शेतमालाच्या किमती अडवून धरण्यासाठी या तडजोडीचा आधार घेतला, तेव्हा बहुमताने तो विरोध ओलांडण्यात आला आणि त्या बहुमतात फ्रान्सही होता. १९८७ मध्ये अंमलात आलेल्या एकल युरोपीय कायद्याने बहुमताचे क्षेत्र आणखी वाढविले.

नकाराचा हा हक्क अखेरच्या टोकापर्यंत नेला तो ब्रिटनने. २३ जून २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. या वेळी खुर्ची रिकामी राहिली नाही. ती मेजापासून हलविण्यात आली. परत येण्याची वाट उघडी ठेवणारा रुसवा आणि कायमचा काडीमोड यांतील अंतर येथे स्पष्ट होते. बाहेर पडता येते हे सिद्ध झाल्याने सदस्य राष्ट्रांचे सार्वभौमत्व नाहीसे झालेले नाही, हेही सिद्ध झाले. मात्र शेजारच्या बाजारपेठेत माल विकावयाचा तर तेथील नियम पाळावे लागतात, आणि बाहेर गेलेल्यास ते नियम ठरविताना मत देता येत नाही.

द गॉल यांचा सवाल आजही निकालात निघालेला नाही. निर्णय घेणाऱ्यास जाब कोणी विचारावयाचा, हे सांगता आल्यावाचून कोणतीही सत्ता लोकांच्या मनात रुजत नाही. पण त्या सात महिन्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नकाराला वजन आले ते खुर्ची सोडणाऱ्याची वाट पाहणारे पाच जण मेजाभोवती बसून राहिले म्हणून. आणि त्या नकारातून काही निष्पन्न झाले ते फ्रान्स पुन्हा येऊन त्या खुर्चीवर बसला म्हणून.