३३५ घोड्यांचा हिशेब

जुन्या अमेरिकन मसल कार्सचे हॉर्सपॉवरचे आकडे मी निवडणुकीतल्या प्रतिज्ञापत्रासारखे वाचतो: खरी मालमत्ता कुठे दडवलीय, ते शोधत.

१९६८ची फोर्ड मस्टँग घ्या. तिचं ४२८ कोब्रा जेट इंजिन कागदावर ३३५ हॉर्सपॉवरचं, प्रत्यक्षात ४००च्या पुढचं. कंपनी स्वतःच्याच गाडीला कमी का दाखवेल? एक तर विमा कंपन्यांची नजर याच आकड्यावर असायची. आणि एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेत स्टॉक गाड्यांचे वर्ग वजन भागिले हॉर्सपॉवर असे ठरायचे. समजा, गाडी ३,४०० पौंडांची आहे. ३३५ने भागलं तर एका घोड्यामागे दहा पौंड, ४००ने भागलं तर साडेआठ. म्हणजे आकडा दाबला की समोर दुबळे प्रतिस्पर्धी! त्याच वर्षी पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये अल जॉनिएकने कोब्रा जेट मस्टँगवर सुपर स्टॉक जिंकलं. संघटनाही भोळी नव्हती. ती स्वतःचे आकडे लावून अशा गाड्या वरच्या वर्गात ढकलायची.

१९७२मध्ये मोजमापच बदललं. आधी सुटं इंजिन मोजत, आता सायलेन्सर, अल्टरनेटर सगळं जोडून. आकडे धाडकन कोसळले. कॉम्प्रेशनही घटलं होतं, हे खरं. पण पुष्कळ घोडे फक्त कागदावरून पळाले.