हळदीचा दाखला

परवा पंडरीच्या कापडबाजारात गेलो असता गासडीची लोखंडी पट्टी लागून आमचे बोट कापले. दुकानदाराच्या वृद्ध मातोश्रींनी लगबगीने चिमूटभर हळद आणून जखमेवर दाबली. हळदीचा हा गुण आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? त्यास दाखला कसला हवा? परंतु असा दाखला एकदा खरोखरच मागितला गेला. दप्तरात आयुष्य काढणाऱ्या आपणां वाचकांस ती हकीकत मननीय वाटेल.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४,०१,५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. ते मिळाले मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, आणि संशोधक होते भारतीय वंशाचेच दोघे!

त्याच वर्षी आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूत्रे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याकडे आली होती. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या आणि मुंबईत आईच्या कष्टांवर वाढलेल्या या शास्त्रज्ञाने हे आव्हान स्वीकारले. १९९६ साली परिषदेने फेरतपासणीचा अर्ज केला. अडचण अशी की, अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे एखादी गोष्ट परदेशात पिढ्यानपिढ्या वापरात आहे, एवढे सांगून भागत नसे. ती कोठेतरी छापलेली असावी लागे. कोट्यवधी आज्यांची साक्ष बाद, एका कागदाची मात्र ग्राह्य! तेव्हा परिषदेने बत्तीस संदर्भ जमविले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे होते. तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. १९९७ साली हा उपयोग नवा नव्हे असे ठरून पेटंट रद्द झाले.

या निकालाने हळद रामबाण ठरली, असे मात्र कोणी समजू नये. प्रश्न नावीन्याचा होता, गुणाचा नव्हता. हळदीतील कर्क्युमिन जंतूंची वाढ रोखते, हे १९४९ सालीच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले होते. तथापि प्रयोगशाळेतील शुद्ध द्रव्य निराळे आणि फडताळातील डब्यातली पूड निराळी. म्हणून घरी येताच आम्ही जखम स्वच्छ धुतली व धनुर्वाताची लसही टोचून घेतली.

पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभारण्याचे काम सुरू झाले. जुन्या वैद्यकग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरविले गेले, जेणेकरून परक्या परीक्षकासही ते वाचता यावेत.

परंतु जे कोणत्याच ग्रंथात नाही त्याचे काय? आमची आजी जखमेवर हळदीबरोबर एक पाला ठेचून बांधीत असे. त्याचे नाव आम्ही कधी विचारले नाही; आता सांगावयास ती नाही. दररोज ढीगभर कागदांची आवकजावक नोंदविणाऱ्या आमच्या हातून ही एवढी नोंद राहून गेली. ज्यांच्या घरी अद्याप कोणी सांगणारे आहे, त्यांनी ती आजच करावी.