काचेची पेटी आणि आईची कूस

बाळंतिणीची खोली आपल्या कळमनुरीस नवी नाही. बाज, शेगडी, ओव्याची धुरी, पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. आणि या साऱ्याच्या मध्यभागी आईच्या कुशीत मूल. परंतु मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले की ही मांडणी मोडते. मूल हिंगोलीस किंवा नांदेडास अतिदक्षता विभागात जाते आणि आई रिकाम्या कुशीने दाराबाहेर बसते. पान्हा फुटतो, पण मूल नळ्यांत गुंतलेले. आतले यंत्र वाजले की काळीज हलते. या अवस्थेस आपण नशीब म्हणतो. आमच्या मते तिचा बराच भाग माणसांच्या व्यवस्थेतून आला आहे, आणि त्या व्यवस्थेस इतिहास आहे.

१८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहात डॉ. तार्निए यांनी, कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहून, मुलांसाठी उबदार पेटी करविली. मुले वाचू लागली; पण पेटीत आईस जागा नव्हती. त्याच परंपरेतील डॉ. ब्युदँ यांनी १९०० सालच्या आपल्या ग्रंथात बजावले की, मुलापासून दूर ठेवलेल्या काही आयांचे मनच मुलावरून उडते. ऐकले थोड्यांनी. त्याआधी १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात तर अशा पेट्या आतील मुलांसह तिकीट लावून दाखविल्या गेल्या होत्या! पुढे जंतूंच्या भयाने दार आणखी घट्ट झाले. ते भय खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

दार उघडले ते टंचाईने. १९७८-७९ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. रेय आणि डॉ. मार्तिनेझ यांनी मूल आईच्या उराशीच बांधले. आपल्याकडे मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली. २०२१ साली भारतासह पाच देशांतील प्रयोगाचा निकाल आला. फार कमी वजनाची मुले प्रकृती स्थिरावल्यावरच आईच्या उराशी दिली, त्या गटात पहिल्या २८ दिवसांत शेकडा १५.७ दगावली. जन्मतःच दिली आणि आईस विभागातच खाट दिली, त्या गटात शेकडा १२.

केंद्र सरकारने २०१७ साली मार्गदर्शक सूत्रे काढली. हात धुऊन आत येणे, मूल उराशी धरणे, दूध पाजणे हे आईबापांस परिचारिकांनी शिकवावे, असे त्यांत आहे. मात्र कळमनुरीहून मूल हलविताना टाके ओले म्हणून आई घरीच राहिली, तर शिकवावयाचे कोणास? तिला मागोमाग तेथे पोहोचविणे, हे काम घरच्यांचे.