बोटीचा पंप, जमिनीचे कूळ

लहान मोटरबोटीच्या मागच्या भागातली फळी उचलली की अगदी तळाशी मुठीएवढा प्लास्टिकचा पंप दिसतो. बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालणारी मोटर, तिच्या आसावर पात्यांचे चिमुकले चाक, खाली जाळी आणि बाजूला नळी, एवढाच त्याचा संसार. हा बिल्ज पंप. बोटीच्या पोटात साचलेले पाणी बाहेर फेकणे हे त्याचे काम. बोटीच्या सामानात तो इतका रुळला आहे की त्याचा जन्म समुद्रावरच झाला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा सख्खा पूर्वज इंग्लंडातले एक तळे कोरडे करण्यासाठी बसवला गेला, आणि तो घडवणारा माणूस फरची कातडी रंगवण्याच्या धंद्यातला होता.

बोटीत पाणी येण्यासाठी ती फुटावी लागत नाही. पाऊस असतो, लाटांचे तुषार असतात. इंजिन आत बसवलेले असेल तर शाफ्ट जिथून तळाबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून ठिबक चालू असते. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला ओलावा लागतो म्हणून ती मुद्दामच ठेवलेली असते. डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असेल तर त्यावरचे पाणी कडेच्या भोकांतून आपसूक निघून जाते. मागच्या फळीतले बूच बोट काठावर ओढली की उघडायचे आणि पाण्यात ढकलण्याआधी आठवणीने बसवायचे. बाहेरच्या पातळीखाली जे साचते, त्याला मात्र उतार उरत नाही. ते उचलूनच टाकावे लागते. त्याआधी ते पंपापर्यंत पोहोचलेही पाहिजे. त्यासाठी तळातल्या आडव्या फासळ्यांना खालच्या अंगाला भोके ठेवतात. जुन्या लाकडी जहाजांत या भोकांतून एक साखळी ओवलेली असे आणि ती मागेपुढे ओढून गाळ मोकळा करत. आजच्या बोटीत एखादी चिंधी तिथे अडकली तर पुढचा कप्पा भरत राहतो आणि मागचा पंप कोरडाच बसतो.

हाताने उपसणे हा सर्वांत जुना उपाय. त्यानंतर आला आरपार कोरलेल्या लाकडी ओंडक्याचा दट्ट्याचा पंप. खरा वाद सुरू होतो तो साखळी पंपापाशी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी जहाजांवर साखळी पंप दिसू लागले. इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याने आपल्या काळातल्या सुधारणांत त्याची गणना केली आणि तो साध्या पंपाच्या दुप्पट पाणी काढतो असे नोंदवले. हा पंप आला कुठून? एक लोकप्रिय मत बोट दाखवते चीनकडे. तिथे शेताला पाणी देणारा साखळी पंप इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून माहीत होता. व्यापारी आणि मिशनरी तो पाहून आले आणि युरोपने तो उचलला, असे हे मत. ऐकायला हे छान वाटते, पण दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली की अडचण समोर येते. चिनी पंपात तिरप्या, उघड्या लाकडी पन्हळीतून चौकोनी फळ्या पाणी ढकलत वर नेतात. जहाजावरच्या पंपात उभी बंद नळी असते आणि तिच्यातून साखळीला अडकवलेल्या गोल, कातडी लावलेल्या चकत्या वर सरकतात. नक्कल करणाऱ्याने नळी, तिचा कोन आणि चकतीचा आकार हे सगळेच बदलले असे मानावे लागते.

याउलट 1556 मध्ये छापलेल्या जॉर्जियस अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथात नेमके हेच यंत्र आहे: उभी नळी, साखळी आणि घोड्याचे केस भरलेले कातडी गोळे. मध्य युरोपातल्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी ते वापरात होते. खोल, अंधाऱ्या, अरुंद जागेतून पाणी सरळ वर काढणे ही खाणीची अडचण आणि जहाजाचीही. पन्हळीला लागणारा ऐसपैस उतार दोन्हीकडे नाही. तेव्हा जहाजाने साखळी पंप घेतला तो शेजारच्या खाणीतून, दूरच्या भातशेतीतून नव्हे, हेच जास्त पटते.

या मताला खरा शह देतात रोमन लोक. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत बुडालेल्या रोमन जहाजांत मधोमध भोक असलेल्या लाकडी चकत्या सापडल्या आहेत आणि त्या साखळी पंपाच्याच मानल्या जातात. इटलीतल्या नेमी सरोवरात कॅलिगुला बादशहाची दोन प्रचंड जहाजे होती. 1928 पासून सरोवराची पातळी उतरवून ती मोकळी करण्यात आली. त्यांच्यातल्या अवशेषांवरून बिल्जचे पाणी उपसणाऱ्या, आपल्या रहाटगाडग्यासारख्या साखळीची प्रतिकृती उभारली गेली. (बिल्ज पंपाचा हा पुरावा हाती यावा म्हणून आधी सरोवराचेच पाणी पंपाने उपसावे लागले.) 1944 मध्ये ती जहाजे जळून गेली. म्हणजे साखळी जहाजात अ‍ॅग्रिकोलाच्या किमान हजार वर्षे आधीच होती. तरीही कुळाचा ओघ उलटत नाही. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस बादल्यांच्या साखळीचे वर्णन करतो ते उंचावर पाणी चढवण्याच्या संदर्भात, आणि लंडनमध्ये अशा साखळ्या सापडल्या त्या रोमन विहिरींत. रोमन जहाजांनीही जमिनीवरचेच यंत्र आत घेतले असणार.

दुसरा शह आर्किमिडीजच्या, फिरून पाणी वर चढवणाऱ्या स्क्रूचा. सिराक्यूजचा राजा हिएरो याच्या अवाढव्य ‘सिराक्युसिया’ जहाजाचे खोल बिल्ज एकटा माणूस स्क्रू फिरवून उपसत असे, असे प्राचीन ग्रीक लेखक अथेनिअस सांगतो. हे खरे मानले तर जहाजाचा मान पहिला ठरतो. पण ग्रीक इतिहासकार डायोडोरस याच स्क्रूचा जन्म इजिप्तच्या शेतीत ठेवतो, आणि स्टेफनी डॅली व जॉन ओलेसन या आधुनिक संशोधकांनी तर तो असीरियाच्या सेनाखेरिब राजाच्या बागांपर्यंत मागे नेला आहे. इथेही पारडे जमिनीकडेच झुकते.

आता मोटरबोटीतल्या पंपाकडे. त्यात साखळी नाही, दट्ट्याही नाही. फिरणारे चाक पाण्याला बाहेरच्या बाजूला भिरकावते. हा केंद्रोत्सारी पंप. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने 1689 मध्ये जर्मनीत अशा पंपाचे वर्णन केले होते. पण त्याचे दिवस पालटले 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात. फरच्या धंद्यातल्या जॉन जॉर्ज अ‍ॅपोल्ड याने चाकाची पाती वक्र केली. चाचणीत त्याच्या पंपाची कार्यक्षमता 68 टक्के भरली; सरळ पात्यांच्या चाकाला 24 टक्क्यांच्या आसपासच समाधान मानावे लागले. त्याच सुमारास पूर्व इंग्लंडातले व्हिटल्सी मिअर हे विस्तीर्ण उथळ तळे अ‍ॅपोल्डच्या पंपाने कोरडे केले गेले. पुढच्या वर्षी बांध फुटून ते पुन्हा भरले, तेव्हा पंपाने ते पुन्हा उपसले. तिथल्या दलदलीत गाडलेला एक लोखंडी खांब, जमीन आकसत गेल्यामुळे, आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे.

तळ्यातून हे चाक आगबोटीत शिरले ते कंडेन्सरला थंड पाणी पुरवण्यासाठी. तिथे अभियंत्यांनी एक हुशारी केली: आणीबाणीत हाच मोठा पंप समुद्राऐवजी बिल्जमधून पाणी ओढेल अशी झडप बसवली. पुढे बॅटरी, छोटी मोटर आणि प्लास्टिक स्वस्त झाले, तसे हेच चाक लहान बोटीत उतरले असावे. महाराष्ट्रातल्या विहिरीवरचा पंपसेट याच घराण्यातला; किर्लोस्करवाडीत 1920 च्या दशकात असे पंप बनू लागले.

घराण्याचा दोषही वारशाने आला. केंद्रोत्सारी पंपाला हवा ओढता येत नाही. विहिरीवर म्हणूनच फूटव्हॉल्व्ह बसवून पंपात आधी पाणी भरतात. बोटीत उलटी युक्ती केली: पंपच पाण्यात बुडवून ठेवला. त्यामुळे त्याची जागा तळाच्या सर्वांत खोल भागी. शेजारी तरंगणारा स्विच असतो. पाणी वाढले की तो वर उचलला जातो आणि मोटर सुरू होते. त्याची तार मुख्य स्विचला वळसा घालून, फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडतात, म्हणजे बोट नुसती बांधून ठेवलेली असतानाही पंप चालतो.

पंपावर छापलेला आकडा पाणी मुळीच वर न चढवता मोजलेला असतो. उंची, वळणे आणि आतून खडबडीत असलेली वळ्यावळ्यांची नळी मिळून त्यातला बराच भाग खाऊन टाकतात. 500 अमेरिकन गॅलनांचा पंप म्हणजे कागदावर तासाला सुमारे 1,900 लिटर, मिनिटाला 32. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचे भोक पडले तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येते. नळीचे तोंड बाहेरच्या पातळीच्या वर ठेवावे लागते, नाहीतर पंप थांबताच समुद्रच उलटा आत येतो. नळीत उरलेले पाणी परत खाली आले की स्विच पुन्हा उचलला जातो आणि पंप उगाच चालू-बंद होत राहतो. त्यावर एकदिशा झडप बसवण्याचा मोह होतो. पण झडपेमागे हवा अडकली तर हवेपुढे दुबळे असलेले हे चाक नुसतेच फिरते.

बॅटरी पाण्याखाली गेली तर हे सारेच थांबते. म्हणून बऱ्याच बोटींत हाताने चालवायचा डायफ्रॅम पंपही असतो. दांडा हलवला की रबरी पडदा मागेपुढे होतो आणि दोन झडपा आळीपाळीने उघडतात. तो हवाही ओढतो; त्यामुळे तो वर, सुकाणूजवळ हाताला येईल असा बसवता येतो आणि त्याची फक्त नळी तळापर्यंत जाते.