दंतमंजनातली तंबाखू

सुश्रुतसंहितेत दंतकाष्ठाचे मापही दिले आहे. लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी. कडुनिंब, खैर, करंज, मोह हे वृक्षही तेथे सुचवले आहेत. तंबाखूचे नाव त्यात असणे शक्यच नव्हते. ती भारतात आली पोर्तुगीजांबरोबर. पुढे मात्र तिने दात घासण्याच्या नित्यविधीतच जागा मिळवली. महाराष्ट्रात मशेरी, गुजरातेत बजर, छत्तीसगड-ओडिशाकडे गुडाखू, बिहारकडे गुल. नावे निराळी, मूळ द्रव्य एकच.

तिने हिरड्या घट्ट होतात, हा समज निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. निकोटिनमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त येणे कमी होते. रोग थांबत नाही, त्याची खूण तेवढी पुसली जाते. आत दाताभोवतीचे हाड झिजत राहते आणि पन्नाशीचा पुरुष दवाखान्याची पायरी चढतो, ती दात हलू लागल्यावर.

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय कलकत्त्यात काढले ते १९२० मध्ये. दंतवैद्यक कायदा १९४८ चा. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी यायला मात्र १९९२ उजाडले. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती अर्थातच पोहोचत नाही. मशेरी स्त्रियांत अधिक रुजली हे खरे. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणारे पुरुष २९.६ टक्के आढळले, स्त्रिया १२.८ टक्के.

कवळी टेकते ती जबड्याच्या उरलेल्या हाडावर. तेच झिजले असेल, तर घास चावताना ती जागेवरून सरकते.